बाटली आडवी झाली, पिणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दारूच्या दुकानाविरुद्ध लढणाऱ्या बायांचे फोटो आपल्या अंकात येतात. आमच्या गावाचाही आला होता, मागच्या रांगेत मी आहे. त्यानंतरच्या पंधरवड्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून हे पत्र.

दुकान ठेवायचं की नाही यावर मतदान होतं, तेव्हा आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. २००८ च्या शासन आदेशानुसार आडव्या बाटलीला गावातल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. म्हणजे जी ऊसतोडीला गेली, जी नांदायला गेली पण नाव इथंच राहिलं, त्या सगळ्या हिशेबात उभ्या बाटलीकडे! तहसीलच्या चकरा मारून आम्ही मतदान उन्हाळ्यात, टोळ्या परतल्यावर लावून घेतलं आणि जिंकलो. दुकानाला सील लागलं, गुलाल उधळला.

माझे धाकटे दीर हमाली करतात आणि पंचवीस वर्षं पितात. चूळ भरायच्या आधी घोट लागतो. दुकान बंद झालं तसं जावेनं त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. आता सुटली म्हणून आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी बशीतला चहा तोंडापर्यंत जाईना, निम्मा सदऱ्यावर. तिसऱ्या रात्री ते गोधडीवरच्या मुंग्या वेचायला लागले. गोधडीवर एकही मुंगी नव्हती. "वहिनी, लाईट लावा, भिंतीतून येतायत." अंग घामानं निथळत होतं. बाहेरचं असेल म्हणून कुणीतरी अंगारा लावला, मीही लावू दिला.

सकाळी जीपमध्ये घालून नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "दारू कधी तोडली?" रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्यावर औषधं आहेत. अंगणवाडीत मी तीस वर्षं पोरांची वजनं केली, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दीर वाचले. पण घरी आल्यावर पुढं काय, ते कुणीच सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी शेजारच्या गावातून मोटारसायकलवर चपटी आली, वीस रुपये जास्त देऊन.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, पण हमालाच्या बायकोनं तिथपर्यंत जायचं कसं आणि तेवढे दिवस घर कशावर चालवायचं? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथं २०१६ मध्ये मुक्तिपथ हे व्यसन सोडवायचं अभियान सुरू करावं लागलं. ते लोक तालुक्याला क्लिनिक चालवतात, गावात शिबिरं घेतात. बंदी असलेल्या जिल्ह्यात ही गरज पडते, तर आमच्याकडे का नाही?

जून २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला, तेव्हा १४ हजार कोटी जादा मिळतील असं सांगितलं होतं. त्यातून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा आणि शिकलेली एक नर्स द्या. ज्या गावात बाटली आडवी होईल तिथं त्याच आठवड्यात शिबिर लावा. आशाताईंना ही लक्षणं शिकवा.

परवा जावेला घेऊन तालुक्याला चौकशीला गेले. व्यसनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात म्हणे, या महिन्यातले येऊन गेले.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
जि. बीड