आई, तुझंही ताट वाढून घे

पुणे, ८ मार्च

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

संक्रांतीला येऊन गेले तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर हे बोलणं होत नाही. मी विषय काढला की आई "बरं बरं" म्हणते, "जेवलीस का" विचारते आणि फोन बाबांकडे देते. म्हणून लिहायलाच बसले. बाबा, आईला समोर बसवून हे मोठ्याने वाचून दाखवा. मधे उठू देऊ नका.

भोगीच्या सकाळची गोष्ट आठवते ना? सोप्यात बीपीचं मशीन काढलं होतं. बाबांचं नेहमीसारखं व्यवस्थित निघालं, १२८ वर ८०. मी म्हटलं, आई तूही ये. "मला काय झालंय?" म्हणत तू चुलीपुढूनच उत्तर दिलंस. बाजरीच्या भाकऱ्या चालल्या होत्या, हाताला तीळ नि पीठ. जवळजवळ ओढूनच आणलं तुला. पट्टा गुंडाळला, आकडा आला १५८ वर ९४. वाटलं, धावपळीत मोजलं म्हणून असेल. पाच मिनिटं शांत बसवून परत मोजलं, तरी १५४ वर ९२. तू उठून भाकरी उलटायला गेलीस. मी मात्र तिथेच बसून राहिले.

एकदा मोजून काही ठरत नाही, म्हणून बाबांना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायला सांगितलं. घरी मोजलेलं १३५ वर ८५ च्या खाली असायला हवं. वहीतला एकही आकडा तसा नव्हता. गोळी सुरू झाली, बरं झालं. पण आई, गोळी सुरू झाली म्हणजे काम झालं असं तू धरून चालली आहेस, आणि मला काळजी आहे ती त्याचीच.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवली, तेव्हापासून तू दोन चुली मांडल्यासारखा स्वयंपाक करतेस. बाबांची भाजी छोट्या पातेल्यात, कमी तेलाची, कमी मिठाची. त्यांना ताजी भाकरी, वाटीभर उसळ, कोशिंबीर. त्यांचं वजन उतरलं, कोलेस्टेरॉल खाली आलं, तंबाखूची डबीही सुटली. बाबा, ती डबी तुम्ही सोडलीत याचं मला फार मोठं वाटतं. आणि आई, बाकीचं सगळं तुझ्या हातांनी झालं. पण तू स्वतः काय जेवतेस ते या वेळी आठ दिवस बघत होते. सगळ्यांचं झाल्यावर दीड-दोनला तू बसतेस. तोवर उसळ संपलेली असते, कोशिंबिरीच्या वाटीत नुसतं पाणी उरलेलं असतं. मग सकाळची भाकरी, त्यावर चटणी नि कच्चं तेल, लोणच्याची फोड, डब्यातले मोडके पापड. बाबांच्या ताटातून जे जे आपण काढून टाकलं, ते सगळं तुझ्या ताटात गेलंय. सांडायचं नाही, टाकायचं नाही म्हणून.

बाईमाणसाला हा हृदयाचा त्रास होत नाही असं तू म्हणालीस. आई, तसं नाही. पाळी जाईपर्यंत शरीराला थोडं संरक्षण असतं, नंतर ते राहत नाही. तुझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली.

बाबांना दवाखान्यातून मिळालेला तो कागद आठवतो? सगळा कन्नडमध्ये छापलेला. आई, तू तो फ्रिजला चिकटवलास आणि बाजारातल्या कानडीवर त्यातले तीनच शब्द ओळखलेस: उप्पु, एण्णे, सक्करे. मीठ, तेल, साखर. खरं तर मुख्य तेवढंच होतं. शाळेत सक्तीने शिकलेली कन्नड उपयोगाला आली, मी तो पूर्ण मराठीत उतरवून काढलाय, पत्रासोबत ठेवलाय. आता तो दोघांसाठी समज. वरती "बाबांचं पथ्य" असं मुद्दाम लिहिलेलं नाही.

आधी मिठाचं बोलू, कारण आपल्या घरात खरी गोम तिथे आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. दोघांचे महिन्याला तीनशे ग्रॅम. म्हणजे किलोचा पुडा तीन महिन्यांच्या वर पुरायला हवा. आपल्याकडे तो महिन्यात संपतो, वर उन्हाळ्यात लोणच्याला नि चटणीला खडे मीठ वेगळं येतं.

चटणीवर तर मी बराच विचार केला. पुण्यात चटणी म्हटलं की लोकांना वाटून केलेली हिरवी चटणी आठवते, आपली चटणी म्हणजे डंकावर कुटून आणलेली वर्षाची कांदा-लसणाची. किलोभर मिरचीला तू पाव किलो मीठ घालतेस, कारण मीठ नसेल तर ती टिकत नाही. मग आमटीत दोन चमचे चटणी पडली की त्यात मीठ आधीच आलेलं असतं. तरी हाताच्या सवयीने वरून मीठ पडतंच. तू मीठ जास्त घालतेस असं मी म्हणत नाही. एकाच आमटीत ते दोनदा पडतंय, एवढंच. यापुढे आमटीला आधी चटणी घालून चव बघ, मग मीठ. आणि बाजूला नुसती ब्याडगी कुटून ठेवू, बिनमिठाची. ती टिकते, रंगही देते. चवीला लसूण, चिंच, कोकम, कोथिंबीर आहेच. मीठ कमी पडलं की जीभ पहिले काही आठवडे कुरकुरते, पुढे तिला तेच बरं वाटायला लागतं. बाबांना विचार, त्यांना आता लग्नातली आमटी खारट लागते.

पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही असतात, आणि पापडखारही सोडियमच. सैंधवाचे जे मेसेज बाबांना येतात त्यावर जाऊ नका, तेही मीठच आहे. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते रक्तात जास्त साठतं.

तेलाचं थोडक्यात. माणशी दिवसाला चार-पाच लहान चमचे, म्हणजे दोघांना महिन्याला साधारण दीड लिटर. शेंगतेल, करडईतेल आलटून पालटून चालेल. फक्त तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवू नकोस आणि डालडा घरात नको. बेळगावहून कुंदा किंवा गोकाकचा करदंट कोणी आणला तर सुपारीएवढा तुकडा दोघांनी खा, मला त्याची भीती नाही. सणाचा गोडाचा घास वर्षातून मोजके दिवस होतो, चटणी-लोणचं मात्र रोज दोन वेळा पानात असतं.

आता काय जास्त खायचं ते लिहिते, कारण नुसतं "हे नको, ते नको" ऐकून तू जेवणच कमी करशील, हे मला माहीत आहे. भाकरी आहेच, जोंधळ्याची, अधूनमधून नाचणीची. २०२३ साली साऱ्या जगाने भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं. आपल्याकडे आजी रोज सकाळी नाचणीचं आंबील करायची, त्याला वर्ष लागत नव्हतं. ते पुन्हा सुरू कर, ताकात, मीठ चिमूटभर. मटकी, हुलगे, चवळी यांतलं काहीतरी रोज वाटीभर, कारण कडधान्यांतला चोथा कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. जवसाची चटणी कर, तिच्यात हृदयाला लागणारी चांगली चरबी असते, फक्त तिच्यातही मीठ बेताचं. भाजी आणि फळं मिळून माणशी दिवसाला चारशे ग्रॅम तरी पोटात जायला हवीत. शनिवारी बाबा बाजाराला जातात तेव्हा मेथी, राजगिरा, अंबाडी यांच्या दोन पेंड्यांऐवजी चार घ्या. परसातला शेवगा तर नुसता उभा आहे.

आणि तुझे उपवास. सोड असं मी कधीच म्हणणार नाही. पण चतुर्थी, एकादशी, गुरुवार मिळून महिन्याचे सात-आठ दिवस होतात, आणि प्रत्येक वेळी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या, दिवसभर चहा. बेळगावच्या पश्चिमेला तांबड्या मातीत इतकी रताळी पिकतात की गाड्या भरून बाहेर जातात, आणि आपण उपवासाला साबुदाणा आणतो! रताळी उकड, वर दही घे. वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, एखादं केळं. उपवासही होईल नि पोटही भरेल.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहिते. तुला अधूनमधून "पित्त झालंय" म्हणून जीव घाबरा होतो, आणि तू आल्याचा रस घेऊन पडून राहतेस. बहुतेक वेळा ते पित्तच असेल. पण बायकांचं हृदयाचं दुखणं पुष्कळदा छातीत कळ न येता धाप, मळमळ, पाठीत नि जबड्यात दुखणं, गार घाम अशा वाटेने येतं. असं काही झालं तर आलं, सोडा, शेजारच्या काकूंचा सल्ला, काहीही नाही. बाबा, तुम्ही लगेच १०८ लावा. रात्री दोन वाजले असले तरी. मग मला फोन करा.

माझं मागणं मोठं नाही. छोटं पातेलं आत ठेवून दे. एकच भाजी कर, बाबांसारखी, दोघांना पुरेल एवढी. आणि बाबा, एक वाजता दोन ताटं वाढलेली दिसल्याशिवाय तुम्ही पहिला घास घेऊ नका. आई "तुम्ही बसा, मी बसते मागून" म्हणेल. चाळीस वर्षं तेच म्हणत आलीय. तुम्ही नुसते थांबा, ती बसेल. तुम्ही उपाशी थांबलेलं तिला बघवत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येतेय. तोपर्यंत चटणीच्या मिरच्या कुटायला नेऊ नकोस. उन्हात वाळत घाल फक्त. देठं मी येऊन काढते, आणि डंकावर आपण दोघी जाऊ. मीठ किती घालायचं ते तिथे बसून ठरवू.

तुमची,
धाकटी