मशीन ठणठणीत, मग बदलायचं कशाला?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्यासारख्या बारक्या डीटीपीवाल्यांना (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांना) जो तो एकच सांगतोय, मशीन बदला. माझा सहाव्या जनरेशनचा इंटेल आय थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एकदम ठणठणीत, पण विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, म्हणजे आपला बाद.

डिचोलीत माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, चवथीला आरत्यांची पुस्तकं. वीस वर्षांचं सगळं काम पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या विंडोज प्रोग्रॅममध्ये आणि तेही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात, त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून विंडोज सुटत नव्हतं, नाहीतर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं हे काय मला माहीत नव्हतं होय!

शेवटी भाच्याने एका रविवारी बसून लिनक्स मिंट घातलं. आधी वाईन करून बघितलं (गोव्यात वाईन म्हटल्यावर लोक भलतंच समजतात, दुकानात बसलेले दोघं हसायलाच लागले). वाईन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर, त्याचं काम १९९३ पासून चाललंय, यात विंडोज नसतंच, विंडोजचा प्रोग्रॅम जे मागेल ते लिनक्सकडून करून दिलं जातं. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर त्यात झकास चाललं. पेजमेकरही उघडला, पण वेलांट्या सरकायला लागल्या, आणि पत्रिकेत नवरीच्या नावाची वेलांटी सरकली तर लोक दुकानात येऊन भांडतात.

मग व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं नकली मशीन चालवणारा प्रोग्रॅम. लिनक्सच्या आत अख्खा जुना विंडोज एक्सपी, त्याला १ जीबी रॅम दिली आणि इंटरनेट तोडून टाकलं, कारण एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलाय. शेअर्ड फोल्डर दिसेना म्हणून अर्धा दिवस गेला, नंतर कळलं की गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये घालायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) घालायचंच राहिलं होतं. आता सीमलेस मोड लावला की एक्सपीचा डेस्कटॉप गायब आणि पेजमेकरची विंडो फायरफॉक्सच्या शेजारी, एकाच स्क्रीनवर. गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर एका बाजूला, पान दुसऱ्या बाजूला. पेजमेकरातून पीडीएफ काढतो आणि लिनक्समधून छापतो. एक्सपीचं लायसन मात्र लागतं, माझ्याकडे जुनं होतं, वाईनला ती भानगड नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एका सरकारी ऑफिसचं छपाईचं टेंडर भरायला डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) लावावं लागतं आणि त्यांनी दिलेला प्रोग्रॅम फक्त नव्या विंडोजवर चालतो, माझ्या एक्सपीवर नाही आणि लिनक्सवर तर नाहीच. फॉर्म भरायचा, फी भरायची आणि सहीपुरतं टोकन खिशात घालून शेजारच्या दुकानात जायचं. लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम द्या एवढीच मागणी आहे, ते जमत नसेल तर निदान टेंडरच्या पहिल्या पानावर लिहा की कुठलं विंडोज लागेल. मला ते शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता कळलं आणि शेजारचा नेमका त्या दिवशी दुकान बंद करून जत्रेला गेलेला.

आपला,
एक डीटीपीवाला, डिचोली