कादंबरी आवडली, औषध पटलं नाही

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत 'मनाला उभारी देणारी पुस्तकं' अशी यादी आली होती. जपानी लेखक तोशिकाझु कावागुची यांची 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' ही कादंबरी त्यात पहिल्या नंबरावर होती. मुलीने ती यादी वाचून कादंबरीचा इंग्रजी अनुवाद लगेच घरपोच पाठवला. वाचून झाल्यावर "आवडली का गं आई?" असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा मला धड हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणवेना.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. टोकियोतल्या एका गल्लीत तळघरातला जुना कॅफे आहे. खिडकी नाही, भिंतीवर तीन मोठी घड्याळं आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ. तिथल्या एका ठरावीक खुर्चीवर बसलं की भूतकाळात, हवं तर भविष्यातही जाता येतं. अटी मात्र सरकारी योजनेला लाजवतील अशा. या कॅफेत कधीतरी येऊन गेलेल्या माणसालाच भेटता येतं, खुर्ची सोडायची नाही, कॉफी गार व्हायच्या आत पिऊन परतायचं, आणि मागे जाऊन काहीही केलंत तरी आजचं काही बदलणार नाही. त्यातून त्या खुर्चीवर पांढऱ्या कपड्यातल्या बाईचं भूत पुस्तक वाचत बसलेलं असतं. ते दिवसातून एकदा बाथरूमला जातं, तेवढ्यात खुर्ची गाठायची! भुतालाही बाथरूमला पाठवणारा लेखक मला तिथेच आवडून गेला. गोष्ट मुळात नाटकाची, कादंबरी २०१५ ची. सगळं एकाच खोलीत घडतं ते त्यामुळेच.

चार गोष्टींपैकी अमेरिकेला निघून गेलेल्या मित्राची पहिली गोष्ट मी भराभर उलटली. दुसरीवर अडकले. फुसागी हा माळीकाम करणारा माणूस, त्याला अल्झायमर झालाय. बायको कोहताके नर्स आहे. तो तिला ओळखेनासा होतो, तेव्हा त्याला त्रास नको म्हणून ती त्याच्यासमोर आपलं माहेरचं आडनाव वापरू लागते. आपल्याच नवऱ्यापुढे परकी बाई होऊन वावरते.

माझ्या यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. ते बहुतेक वेळा मला 'वहिनी' म्हणतात. पहिल्यांदा मी समजावत बसायचे, लग्नाचा फोटो दाखवायचे. त्याने ते आणखी बावचळायचे. आता मी वहिनी म्हणूनच "भाऊजी, जेवून घ्या" म्हणते आणि ते निमूट जेवतात. संध्याकाळी दिवेलागणीला पायात चपला घालून "मला घरी जायचंय" म्हणत स्वतःच्याच घराच्या दाराशी उभे राहतात. त्यामुळे कोहताकेचं आडनाव वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. आपण करतो तेच टोकियोतली एक बाई करते, हे कागदावर वाचणं वेगळंच असतं.

पुढे ती भूतकाळात जाते, नवऱ्याने तिच्यासाठी लिहून ठेवलेलं पत्र घेऊन परत येते. त्यात तो म्हणतो की माझ्याशी तू नर्स म्हणून वागू नकोस. बायको म्हणून माझ्याजवळ राहणं जड झालं, तर मला सोडून जा. हे पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्याकडे असलं पत्र कुणी लिहिलं नाही, लिहायचं सुचेपर्यंत वेळ निघून गेली होती.

पण संपादक महोदय, इथेच माझं आणि कादंबरीचं बिनसतं. पत्र वाचून ती ठरवते की उद्यापासून मला सगळ्यांनी मिसेस फुसागीच म्हणायचं. मला विचारायचं होतं, परवा काय? तो तिच्या हातून आंघोळ करून घेतो का? रात्री तीनला उठून कपाट उपसतो का? नर्स नको म्हणणं पत्रात शोभतं. घरात अंग पुसायला, डायपर बदलायला, गोळी गिळली की गालात धरली हे बघायला नर्सच लागते. नर्सिंग ब्युरोची मावशी सुट्टीवर गेली की ती नर्स मीच असते, बायकोपण बाजूला ठेवून. कादंबरीतली जखम एका कपात भरून येते. आमची रोज ड्रेसिंग मागते.

आणि शेवटची गोष्ट तर मला साफ खटकली. जन्मापासून हृदय कमजोर असलेली केई डॉक्टरांचा आणि नवऱ्याचा विरोध असताना बाळंतपणाचा धोका पत्करते, भविष्यात जाऊन आपल्या मुलीला भेटते. मुलगी "मला जन्म दिलास, थँक यू" म्हणते. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पाण्याचा रागही आला. आईने मरून आई व्हायचं आणि मुलीने आभार मानायचे, हे कौतुक आपल्याकडे काय कमी झालंय?

एक गोष्ट मात्र लेखकाने शेवटपर्यंत सांभाळली, त्याला दाद द्यायला हवी. आजचं काही बदलणार नाही, हा नियम त्याने कुठेही मोडलेला नाही. तिसऱ्या गोष्टीतली अपघातात गेलेली धाकटी बहीण परत येत नाही, फुसागी बरा होत नाही. एखाद्याने शेवटच्या पानावर चमत्कार घडवला असता तर मी पुस्तक तिथेच रद्दीत टाकलं असतं.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ मधला अंदाज आहे. तेवढ्या घरांत कुणीतरी वहिनी, ताई, मावशी होऊन वावरत असणार. त्यांच्यासाठी पुरवणीत पुस्तकांची यादी जरूर द्या, पण त्याच पानावर शहरातली डे-केअर केंद्रं आणि काळजीवाहकांचे आधारगट यांचे पत्तेही छापा. मला त्याचा उपयोग कादंबरीपेक्षा जास्त होईल.

या कॅफेचे पुढचे भागही निघालेत. मुलगी मागवू का विचारतेय. लायब्ररीत आले तर आणीन, विकत मात्र नको असं तिला सांगितलंय.

आपली,
एक वाचक, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती)