नाताळची यादी माणसांपासून सुरू कर

भुईगाव, वसई
१२ ऑक्टोबर

प्रिय एल्विन,

सप्रेम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की नोकरीतला हा पहिला नाताळ जोरात करायचा. घरी मोठा टीव्ही, मेलिसाच्या दोन्ही मुलांना सायकली, आजीला सोन्याचं काहीतरी. ऐकून जीव सुखावला. देणारा हात तुला माझ्या वडिलांकडून मिळाला आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. पण फोन ठेवताना तू म्हणालास, "सगळं हप्त्यावर होतं आई, काळजी करू नकोस." मला काळजी वाटली ती तिथेच. आकडे फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

नाताळ कुणाला चकवून येत नाही. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरात सरकते; नाताळ २५ डिसेंबरलाच असतो. तरी आपल्याकडे कितीतरी घरांत तो अंगावर आल्यासारखा येतो, कारण नोकरदाराच्या हाती जास्तीचा पैसा येतो तो दिवाळीला. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे बदल होऊन कामगाराचा किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे हिशेबाला धरलेल्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. आपल्या भागातल्या कारखान्यांत तो वर्षानुवर्षं दिवाळीच्या तोंडावर मिळत आला. तेव्हा बाजारात सेल लागलेले असतात, शेजारीपाजारी खरेदी चाललेली असते आणि खिसा गरम असतो. नाताळ त्यानंतर सहा ते दहा आठवड्यांनी. तोवर बोनस संपतो आणि मग नोव्हेंबरअखेर, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला की घराघरांत उसनवारीची बोलणी सुरू होतात.

तुझे पप्पा बोनसचं पाकीट घरी आणायचे त्याच्या दुसऱ्याच दिवशी निम्मी रक्कम बॅसीन कॅथोलिक बँकेत टाकून यायचे, वेगळ्या खात्यात. आपल्याच लोकांनी १९१८ साली उभी केलेली बँक, तिथले पैसे चर्चच्या पेटीइतके जपायचे, असं ते म्हणायचे. त्या खात्यातून डिसेंबरपर्यंत एक रुपया निघत नसे. तुमच्या लहानपणी आपल्या घरचा नाताळ थाटाचा नव्हता, पण जानेवारीत कुणाचं देणंही नसायचं. शाळेची दुसऱ्या सत्राची फी, वाडीतल्या पंपाची दुरुस्ती, सगळं वेळेवर व्हायचं.

तुझी कंपनी दिवाळीला १२,००० देणार आहे म्हणालास. त्यातले निम्मे आजच मनाने बाजूला काढ. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पगारांतून प्रत्येकी ६,००० वाचतील, तुझ्या खोलीभाड्याचा आणि मेसचा हिशेब तूच मला सांगितला होतास त्यावरून बोलते आहे. झाले १८,०००. हा तुझा नाताळ. डिसेंबरच्या पगाराला हात लावायचा नाही. तो जानेवारीसाठी आहे आणि जानेवारी फार लांबते.

या अठरा हजारांतला पहिला खर्च तुझ्या येण्याचा. तुम्ही पोरं तो कधीच धरत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. २२ डिसेंबरला निघायचं तर २३ ऑक्टोबरला सकाळी आठला मोबाईल घेऊन बस. बंगळुरूहून उद्यान एक्सप्रेसने येऊन दादरला उतर आणि विरार लोकल पकड. तो दिवस चुकवलास तर ऐन सणात खासगी बसवाले किंवा विमानवाले मागतील ते द्यावं लागेल, आणि ते पैसे कुणाच्या तरी भेटीतून कापले जातील. जाऊन-येऊन ३,००० धर.

मग घरच्या ताटासाठी २,५०० मला पाठव. नारळ वाडीतले आहेत, पण मैदा, साखर, तूप, काजू, मनुका विकत आणावंच लागतं. मी आणि मेलिसा नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मस्जिद बंदरला जाऊन सुका मेवा आणतो, केकसाठी तो आधीपासून रममध्ये मुरायला हवा. डिसेंबरात दुकानांत गर्दी होते आणि घासाघीस करायला कुणाला वेळ नसतो. दिवाळीला ज्या ज्या घरांतून आपल्याकडे फराळ येतो, त्या प्रत्येक घरी नाताळला आपलं ताट जातं: कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, केक. हीसुद्धा भेटच आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या भेटींत वरची. तिला कात्री लावू नकोस.

दहावा हिस्सा, १,८००, चर्चच्या विन्सेंट डी पॉल मंडळाला. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, कुणाच्या घरी चूल नीट पेटत नाही हे त्या लोकांना माहीत असतं. हे पैसे आधी दे, उरले तर देईन असं करू नकोस. उरत नाहीत.

भेटींना ९,५०० राहतात आणि १,२०० हाताशी, कारण कुणाचं तरी नाव ऐनवेळी आठवतंच.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते सांगते. वही घे आणि आधी माणसांची नावं लिही. वस्तूचा विचार सध्या करायचाच नाही. प्रत्येक नावापुढे रक्कम लिही, बेरीज ९,५०० ला आणून थांबव, आणि मग त्या माणसाकडे नीट बघ, त्याचं काय अडलं आहे ते आठव. वस्तू शेवटी सुचते आणि बरोबर सुचते. मोबाईलवर दुकान उघडून वस्तू बघत बसलं की उलटं होतं: वस्तू आवडते, मग ती द्यायला माणूस शोधावा लागतो, आणि ज्याला खरंच द्यायला हवं होतं तो राहून जातो.

आजीचंच बघ. तिला सोनं नको आहे. तिच्या चष्म्याची डावी काडी गेल्या पावसाळ्यात मोडली, तिने ती पांढऱ्या दोऱ्याने बांधली आहे. दोरा कानामागे घासतो म्हणून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. रोज संध्याकाळी रोझरीनंतर शुभवर्तमान वाचताना ती एका हाताने चष्मा धरून ठेवते आणि पान उलटायचं झालं की वाचन थांबवते. हजार रुपयांत चांगली फ्रेम येते. पप्पा पहाटे अंधारात पंप चालू करायला वाडीत जातात ते मोबाईलच्या उजेडात. त्यांना रिचार्ज होणारी दणकट बॅटरी हवी आहे, मागणार मात्र नाहीत. खुरपणीला येणाऱ्या कमलताईंचं नाव घरच्या यादीतच लिही, वेगळ्या "बक्षिसी"त नको. त्यांना साडीपेक्षा रोख आवडेल. मी विचारून ठेवलं आहे.

मेलिसाच्या मुलांना सायकली देऊ नकोस. परवडत नाहीत हे एक आणि तिच्या बिल्डिंगमध्ये ठेवायला जागा नाही हे दुसरं. दोघांना सारख्या किमतीचं काहीतरी घे. भाचरं किंमत बघत नाहीत, पण कुणाचं खोकं मोठं हे बरोबर बघतात. रायनचा तू गॉडफादर आहेस, त्याला थोडं वेगळं दे: गोष्टीचं एक पुस्तक, पहिल्या पानावर तुझ्या हाताने त्याचं नाव आणि वर्ष लिहून. असं वर्षाला एक दिलंस तर दहावीपर्यंत त्याचं कपाट भरेल.

कपडे घ्यायचे झाले तर एक गोष्ट लक्षात ठेव. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावर गेलास की १८. करापूर्वी २,५०० चा शर्ट २,६२५ ला पडतो, २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकापायी साडेचारशेच्या जवळपास जातात. आणि ज्या नातेवाइकांना आपण नाताळनंतर भेटतो, वांद्र्याची मावशी वगैरे, त्यांची भेट ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला दिली तरी चालते. तोवर कपड्यांचे सेल लागलेले असतात. बाळ येशूला मूळ भेटी त्या राजांनीच आणल्या होत्या, तेव्हा उशीर झाला असं कुणी म्हणणार नाही.

ऑफिसात नावांच्या चिठ्ठ्या काढून भेटी द्यायच्या आहेत म्हणालास, पाचशेच्या आतल्या. मी सुकेळी पाठवते. आगाशीकडची, राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्या सुक्या पानात बांधलेली. बंगळुरूला त्या माणसाला ती दुसरं कुणी देणार नाही.

आता टीव्ही. तू "नो कॉस्ट ईएमआय", म्हणजे बिनव्याजी हप्ते, म्हणालास, म्हणून पप्पा आणि मी तो हिशेब मांडून बघितला. ३६,००० चा टीव्ही, बारा हप्ते, प्रत्येकी ३,०००. बँक व्याज सोडत नाही. पंधरा टक्के दर धरला तर त्या बारा हप्त्यांत २,७०० रुपयांच्या वर व्याज असतं. दुकानदार तेवढी सूट किमतीत दाखवतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुझ्याच माथी, म्हणजे जवळपास ५०० रुपये, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर. रोखीने घेतला असता तर कदाचित तीच सूट तुला मिळाली असती. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठेतरी फीमध्ये लपवलेलं असतं.

सात-आठशे रुपयांसाठी मी एवढं लिहिलं नसतं. मला सलतं ते दुसरं. जानेवारीत पहिला हप्ता, तर शेवटचा पुढच्या डिसेंबरात. म्हणजे पुढच्या नाताळची तयारी करताना तू या नाताळचे पैसे फेडत असशील, आणि वर्षभर दरमहा तीन हजार कमी. तुझी ती वाचवण्याची ६,०००ची ताकद निम्मी झाली. मध्येच नोकरी बदलायची वेळ आली, आजारपण आलं, तर?

आणि क्रेडिट कार्डावर "किमान रक्कम" भरून कधी गप्प बसू नकोस. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे चाळीसच्या वर होतात. दहा हजार राहिले तर महिन्याला साडेतीनशे आणि त्यावर पुन्हा कर. शिवाय एकदा बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते, नव्या खरेदीवरही घेतल्या दिवसापासून व्याज चढतं. हे कार्डासोबत आलेल्या बारीक छापील कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद एकदा वाच.

मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे तेच तीन राजे, घरात येतात, नमन करतात आणि आपल्या थैल्या सोडून सोने, ऊद आणि गंधरस देतात. थैल्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, दूरवरून बरोबर आणलेल्या. तू दिलेली वस्तूही आपल्या हाती येईल तेव्हा पूर्ण तुझी असावी, तिच्यावर कुणाचा हप्ता नसावा, एवढंच मला हवं आहे. मग ती शंभर रुपयांची असो.

टीव्ही आपण घेऊ, माझाही विरोध नाही. जुना अजून चालतो. याच डिसेंबरात तू बारा महिन्यांची आरडी सुरू कर, बँकेत, पोस्टात नको. पोस्टाची पाच वर्षांची असते. महिना २,००० टाकलेस तर पुढच्या डिसेंबरात २४,००० आणि व्याज. उरलेले पप्पा घालतील, ते कबूल झाले आहेत. घरातले सगळे मिळून दुकानात जाऊन रोखीने आणू आणि बिलावर तुझं नाव घालू.

आता तू काय करायचं ते. रविवारी मिस्सा झाली की नावांची यादी लिही आणि तिचा फोटो मला पाठव. रकमा मला नाही दाखवल्यास तरी चालेल, त्या तुझ्या आहेत. पण बेरीज कळव. नाव राहिलं असेल तर मी सांगेन. कमलताईंच्या धाकट्या मुलीचं नाव तुला माहीत नसेल, ती यंदा पहिलीत गेली, तिचं नाव सुमन.

तब्येतीला जप. मेसचं जेवण आवडत नसेल तर एक वेळ तरी स्वतः भात-डाळ लाव.

तुझी,
आई

ता. क. आजीच्या चष्म्याचा नंबर मार्चमध्येच काढला आहे, चिठ्ठी माझ्याकडे आहे. फ्रेम तिकडे घेऊ नकोस. तू आल्यावर २४ ला सकाळी तिला घेऊन वसईला जा, तिच्या नाकावर बसते का बघूनच घे. तिथल्या चष्म्याच्या दुकानदाराने जुन्याच काचा बसवून देईन असं सांगितलं आहे, म्हणजे काचांचे पैसे वाचतील.