झऱ्यावर शाम्पू कशाला?

संपादक महोदय,

वीकेंडला गर्दीपासून लांब एखाद्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन नुसतं पडून राहायचं ही आयडिया मस्तच, पण हल्ली लोक तिथेही स्पीकर घेऊन येतात आणि वर साबण शाम्पू लावून अंघोळी उरकतात, याला काय म्हणायचं? अहो, ते बहुतेक पावसाचंच पाणी असतं, जमिनीत खोल मुरतं, खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत जातं, तिथे तापून खडकांच्या भेगांमधून वर येतं आणि येताना खनिजं घेऊन येतं. काठच्या दगडांवर पांढरट खरखरीत थर दिसतो ना, तो त्याचाच. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकामुळे, पाणी घाण आहे म्हणून नाही (चांदीची अंगठी मात्र काढून ठेवा, काळी पडते).

आणि कुठलाही झरा दिसला की लगेच उडी मारू नका, काही ठिकाणी पाणी अक्षरशः उकळत असतं. सोसवेल असं असलं तरी एका वेळी १०-१५ मिनिटं पुरे, मग बाहेर येऊन साधं पाणी प्यायचं. हार्ट पेशंट, गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, दारू पिऊन तर अजिबात नको. डोकं पाण्याखाली घालू नये, कोमट पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत पोचणारा अमिबा असू शकतो, केसेस फार कमी पण वाचणारे त्याहून कमी.

अशा ठिकाणी निदान पाण्याच्या तापमानाची पाटी तरी संबंधितांनी लावावी, एवढी विनंती.

– एक वाचक