केंब्रिजमधला शनिवार

केंब्रिज,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आज कार्तिकी एकादशी. आईचा उपास असणार आणि तुळशीच्या लग्नासाठी वृंदावन गेरूने रंगवून झाले असणार. दर रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलतो, तरीही हे पत्र मुद्दाम कागदावर लिहीत आहे. बाबा, गेल्या काही रविवारी माझ्या लक्षात आले की माझे बोलणे तुम्हांला नीट ऐकू येत नाही. तुम्ही हसता, मान डोलावता आणि थोड्या वेळाने फोन आईच्या हातात देता. ज्या गावाविषयी तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात, त्या गावी मी येऊन पोहोचले आणि इथली हकीकत मात्र तुमच्यापर्यंत अर्धीमुर्धीच येते, याची रुखरुख मला लागून राहिली आहे. म्हणून कालचा सबंध दिवस सविस्तर लिहिते. चष्मा लावून, खिडकीपाशी बसून सावकाश वाचावे.

इथले सत्र जेमतेम आठ आठवड्यांचे असते, त्यामुळे आल्यापासून व्याख्याने आणि गणिते यांतून डोके वर काढायला सवड मिळाली नव्हती. काल मात्र आम्ही चौघांनी ठरवून सुट्टी घेतली. वर्गातली पोलंडची मैत्रीण, घानाचा मित्र, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी इंग्लिश मुलगी आणि मी. सकाळी थंडी चांगलीच होती, पण ऊन पडले होते आणि झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन रस्ताभर पसरली होती.

पहिल्यांदा मी सर्वांना सेंट जॉन्स कॉलेजच्या दारात नेले. फर्ग्युसन रस्त्याने जाताना कॉलेजच्या फाटकापाशी तुम्ही स्कूटर हळू करायचात आणि रँग्लर परांजपे यांचे नाव सांगायचात, ते मला तिथे आठवले. कोकणातल्या मुर्डीसारख्या लहान गावातून आलेला विद्यार्थी १८९९ साली, दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने, इथे सीनिअर रँग्लर झाला. म्हणजे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संपूर्ण विद्यापीठात पहिला आला. हे मी मित्रमैत्रिणींना सांगितले तेव्हा घानाच्या मित्राने एकच प्रश्न विचारला, "मग तो परत गेला का?" परत गेला आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचा प्राचार्य झाला, असे मी सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याचेही आई-वडील घरी दोघेच आहेत. पुढे सेनेट हाउसची पांढऱ्या दगडाची इमारत लागते. तिथेच निकाल वाचून दाखवला जातो. १९०९ पर्यंत तो क्रमांकानुसार जाहीर होत असे, म्हणजे परांजप्यांचे नावही इथेच उच्चारले गेले असणार.

मधल्या वाटेवर ट्रिनिटी कॉलेजच्या मोठ्या दरवाजाशेजारी न्यूटनचे म्हणून ओळखले जाणारे सफरचंदाचे झाड आहे. ते मूळचे झाड नव्हे. न्यूटनच्या गावच्या झाडाच्या वंशातले हे कलम १९५४ साली इथे लावले गेले. सफरचंद पडल्याची गोष्टही केंब्रिजची नाही, कारण १६६५-६६ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद होते आणि न्यूटन वूल्सथॉर्पला आपल्या घरी होता. झाड दिसायला अगदी साधे आहे. आपल्या वाड्यातले पेरूचे झाड याहून भरदार होते. तरीही मी तिथून लवकर हलले नाही, आणि त्याचे कारण, बाबा, तुम्हांला सांगायलाच हवे.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या मुलांसाठी शनिवारी होणाऱ्या व्याख्यानांना तुम्ही मला नेत असा. व्याख्यान संपल्यावर मी जयंत नारळीकर सरांची सही घ्यायला वही घेऊन धावले होते. सही मिळाली नाही. सही हवी असेल तर पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायचा, मग उत्तर आणि सही दोन्ही मिळेल, असा त्यांचा नियम होता. बाहेर अंगणात न्यूटनच्या पुतळ्यापाशी उभी राहून मी तुम्हांला विचारले की सफरचंद खाली पडते, तर चंद्र का पडत नाही. तुम्हांला उत्तर ठाऊक होते, पण तुम्ही सांगितले नाही. "सरांनाच विचार," म्हणालात आणि घरी जाताना पोस्टकार्ड घेऊन दिलेत. मी ते लिहिले. अक्षर गिचमीड आले म्हणून पुन्हा लिहायचे ठरले, सहामाही परीक्षा आली आणि ते कार्ड पेटीत पडलेच नाही. गेल्या मे महिन्यात सर गेल्याची बातमी आली, त्या दिवशी तुम्ही काही न बोलता माळ्यावरची ट्रंक खाली काढली होतीत. तुम्ही काय शोधत होतात हे मला कळले होते, पण त्या वेळी विचारण्याचे धैर्य झाले नाही. काल त्या झाडापाशी मी माझ्या मित्रांना उत्तर सांगितले: चंद्रही पृथ्वीकडे सतत पडतच असतो, पण त्याच वेळी तो आडवा इतक्या वेगाने पुढे जातो की प्रत्येक क्षणी पृथ्वीला चुकवत राहतो. हे उत्तर तुमच्याकडून ऐकले असते तरी चालले असते, असे मला आता वाटते.

त्यानंतर आम्ही सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलापाशी जाऊन तासाभरासाठी पंट भाड्याने घेतली. पंट म्हणजे सपाट बुडाची लांबट होडी. मागच्या टोकावर उभे राहून लांब काठी नदीच्या तळाला टेकवायची आणि होडी पुढे ढकलायची. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, म्हणजे सीओईपीच्या, रेगाटा या होड्यांच्या सोहळ्याला तुम्ही मला बोट क्लबवर न्यायचात, तिथे अंधारात दिवे लावलेल्या होड्यांच्या रचना आपण पाहायचो, त्या होड्यांची आठवण झाली. इंग्लिश मैत्रिणीला होडी छान चालवता येते. माझी पाळी आली तेव्हा काठी चिखलात रुतली. अशा वेळी काठी सोडून द्यायची असते, नाहीतर होडी पुढे जाते आणि माणूस काठीला लटकून राहतो, असे तिने आधीच बजावले होते. त्यामुळे मी ती सोडली आणि मागून येणाऱ्या होडीतल्या एका आजोबांनी ती आणून दिली. आई, काळजी करू नकोस, पाणी फार खोल नाही आणि मी भिजलेही नाही.

पण बाबा, या नदीवर जे मी पाहिले ते तुम्ही पाहायला हवे होते. क्वीन्स कॉलेजचा मॅथेमॅटिकल ब्रिज! लांबून तो सुबक कमानीसारखा दिसतो. होडी त्याच्याखाली आली तेव्हा मी मान वर करून प्रत्येक लाकूड निरखले, तर त्या पुलात वाकवलेले लाकूड एकही नाही. सगळ्या तुळया सरळ आहेत. त्या कमानीच्या वर्तुळाला स्पर्शिका म्हणून एकीपुढे एक अशा बसवल्या आहेत आणि त्यांना बांधून ठेवणारी आडवी लाकडे वर्तुळाच्या केंद्राकडे रोखलेली आहेत. पूल १७४९ मध्ये प्रथम बांधला गेला आणि आजचा पूल त्याच आराखड्यावर १९०५ साली सागवानात पुन्हा उभारलेला आहे. शेजारच्या होडीतला वाटाड्या पर्यटकांना सांगत होता की हा पूल न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. न्यूटन १७२७ मध्येच गेला होता, तेव्हा या सांगोवांगीत तथ्य नाही.

मला मात्र त्या क्षणी आपल्या बैठकीच्या खोलीतली फळी दिसत होती. काटकोनातल्या दोन कडांवर तुम्ही सारख्या अंतराने खिळे ठोकले होते, एका कडेचा पहिला खिळा दुसऱ्या कडेच्या शेवटच्या खिळ्याला, दुसरा शेवटून दुसऱ्याला, असे आईच्या शिवणाच्या डब्यातले निळे दोरे ताणून बांधले होते, आणि त्या सरळ दोऱ्यांमधून एक वळणदार रेषा आपोआप उमटली होती. ती रेषा कुणीच काढलेली नाही, हे मला पटायला किती दिवस लागले होते! शाळेतल्या प्रत्येक वर्गाला तुम्ही ती फळी दाखवायचात. आम्ही पुलाखालून तीन वेळा गेलो. माझ्या हट्टामुळे होडीचा तास तिथेच निम्मा संपला, पण कोणी तक्रार केली नाही. उलट पोलंडच्या मैत्रिणीने त्या फळीचा फोटो मागितला आहे. रविवारी फोटो काढून पाठवाल का?

दुपारचे जेवण मिल रोडजवळ राहणाऱ्या एका मराठी काकूंच्या घरी होते. दिवाळीच्या दिवसांत सर्वांना जमले नव्हते म्हणून त्यांनी फराळाला काल बोलावले होते आणि मित्रमैत्रिणींनाही घेऊन ये असा निरोप होता. लहानशा घरात चौदा माणसे होती. आई, तू दिलेली भाजणी मी जपून ठेवली होती, तिची थालीपिठे मी तिथे लावली. कडा खरपूस झाल्या होत्या आणि मधल्या भोकात तेल सोडायला मी विसरले नव्हते. भाजणीत काय काय असते हे मैत्रिणीने वहीत लिहून घेतले. धने आणि जिरे कोणत्या प्रमाणात घालायचे ते मला सांगता आले नाही, तेवढे कळव.

जेवणानंतर काकूंनी कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात निळी आंतरदेशीय पत्रे नव्हती, कारण ती परदेशी चालत नाहीत. होती ती त्यांच्या आईने पुण्याहून पाठवलेली हवाई पत्रे. कागद घड्यांवर विरला होता आणि समासातही बारीक अक्षरात आडवे-उभे लिहिलेले होते, कारण दुसऱ्या पत्राला वेगळा टपालखर्च लागला असता. एकात मंडईत कैरी आल्याचे होते, एकात पाण्याची वेळ बदलल्याचे. त्या काळी फोन महाग होता, म्हणून दर पंधरा दिवसांनी पत्र येई. पुढे फोन स्वस्त झाला आणि पत्रे थांबली. काकू म्हणाल्या, "नंतरची वीस वर्षे आम्ही रोज बोललो, त्यातले माझ्याकडे काहीच नाही." मी काल रात्रीच हा कागद घेतला.

संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळला. आम्ही किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये सायंप्रार्थनेला गेलो. नारळीकर सर याच कॉलेजचे फेलो होते आणि १९७२ मध्ये इथूनच भारतात परतले. चॅपलची पायाभरणी १४४६ मध्ये झाली. वरचे दगडी छत पंख्यासारखे उलगडत जाते, दगड असूनही ताडाच्या पानासारखे हलके वाटते. बाकांवर मेणबत्त्या होत्या. आई, गायकवृंदातली सोळा मुले गाऊ लागली तेव्हा त्यांचा आवाज छतापर्यंत जाऊन काही क्षणांनी परत आल्यासारखा वाटला. शब्द मला फारसे कळले नाहीत. पण कार्तिकात पहाटे तू मला तुळशीबागेत काकड आरतीला न्यायचीस आणि अर्धवट झोपेत मी तुझ्या पदराला धरून ते सूर ऐकायचे, तसेच काल डोळे मिटून ऐकले.

रात्री परतताना ट्रिनिटीचे घड्याळ वाजले. ते प्रत्येक तास दोनदा वाजवते, एकदा खालच्या स्वरात आणि मग वरच्या. बाबा, हे तुम्हांला ऐकवायचे आहे. जूनमध्ये माझी परीक्षा संपते. शिष्यवृत्तीतून मी थोडे पैसे बाजूला टाकते आहे. तुम्ही दोघांनी पासपोर्टचे तेवढे पाहावे. आणि त्याआधी कानाचे मशीन कपाटातून काढून डॉक्टरांकडून पुन्हा बसवून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरी शिट्टी वाजते म्हणून तुम्ही ते ठेवून दिलेत, पण बसवणे नीट झाले की तो त्रास पुष्कळदा कमी होतो. आई, तू बरोबर जा.

ट्रंकेत ते पोस्टकार्ड सापडले नव्हते. माझ्या पाचवीच्या भूगोलाच्या वहीत पाहावे. ती वही शिवणाच्या मशीनखालच्या खणात असावी. मिळाले तर पुढच्या पत्रासोबत पाठवा. अक्षर कसेही असले तरी चालेल.

तुमची,
लेक