ऑड्री हेपबर्न : मित्रांना दिसलेली

संपादक महोदय,
हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्री हेपबर्न हिच्यावर काही छापून येतं तेव्हा तोच काळा पोशाख, तीच मोत्यांची माळ! मला ती तिच्या मित्रांच्या आठवणींतून जास्त भेटते.

'रोमन हॉलिडे' (१९५३) करताना ग्रेगरी पेक मोठा स्टार होता, ही अमेरिकेत जवळजवळ अनोळखी. तरी श्रेयनामावलीत तिचंही नाव आपल्या बरोबरीनं वर हवं, हा हट्ट पेकचाच. पोरीला ऑस्कर मिळणार हे त्यानं आधीच ताडलं होतं, आणि मिळालंही. दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घालण्याच्या दृश्यात त्यानं तिला न सांगता हात बाहीत लपवला, जणू मुखवट्यानं तो तोडलाच. तिची किंकाळी खरी आहे. पुन्हा पाहा, घाबरून मग हसू फुटतं ते अभिनयाच्या शाळेत शिकवता येत नाही.

तिचे पोशाख करणारा फ्रेंच फॅशन डिझायनर जिवाँशी सांगायचा, 'मिस हेपबर्न येताहेत' म्हटल्यावर त्याला दुसरी प्रसिद्ध अभिनेत्री, कॅथरिन हेपबर्न, येणार असं वाटलं होतं. दारात उभी ही काटकुळी मुलगी! पुढं चाळीस वर्षांची मैत्री. १९९२च्या अखेरीस कर्करोगानं खंगलेल्या ऑड्रीला स्वित्झर्लंडला घरी नेण्यासाठी त्यानंच खासगी विमानाची सोय केली, आत फुलंच फुलं ठेवून.

२० जानेवारी १९९३ला ती गेली. पेकनं कॅमेऱ्यासमोर तिच्या आवडीची कविता वाचली. ती रवींद्रनाथांची होती, 'अनंत प्रेम'.

— एक वाचक